सर्व्हर आपोआप पुन्हां कां सुरू होतो?

विद्यार्थिमित्रहो, गेल्या नाताळाच्या सुमारास आपल्या शाळेच्या संगणक-खोलींत जो प्रकार घडत होता, त्याची चर्चा तुम्हांपैकीं पुष्कळांनीं आपापल्या घरीं केली असेल. कित्येक पालकांनीं आम्हांस वाशीमच्या बाजारांत थांबवून त्याविषयीं विचारलेंही. त्या वेळीं आमच्याजवळ उत्तर नव्हतें, आतां आहे. म्हणून तो सर्व वृत्तांत, आमच्या चुकांसह, क्रमानें लिहून ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे. चुका वगळल्या असत्या तर हा लेख अर्ध्या लांबीचा झाला असता, परंतु त्यांत तुम्हांस उपयोगी पडेल असें फारसें उरलें नसतें.

सर्व्हर या शब्दाचा अर्थ सेवा करणारा. दिसण्यांत तो इतर संगणकांसारखाच असतो. किंबहुना आपला सर्व्हर त्यांच्याहूनही साधा दिसतो, कारण त्याच्यापुढील पडदा बहुधा बंदच असतो. परंतु गुणपत्रकें, हजेरी, ग्रंथालयाची यादी आणि तुमचे प्रात्यक्षिकाचे पाठ हें सर्व त्याच्याच पोटांत सांठविलेलें आहे. खोलींतील वीस संगणक तारांनीं त्यास जोडलेले असून ते जें मागतील तें त्यानें द्यावें, असें त्याचें काम आहे. साधा संगणक बंद पडला तर एका मुलाचें काम अडतें. सर्व्हर बंद पडला तर सगळ्या शाळेचें अडतें.

दिवाळीच्या सुटीनंतर शाळा भरली आणि हा सर्व्हर मध्येंच क्षणभर मिटूं लागला. कोणी हात न लावतां तो पुन्हां सुरू होई, आणि पूर्ववत् काम देण्यास पांच-सहा मिनिटें घेई. आठवड्यांतून दोनदां, कधीं तीनदां. प्रथम आम्हीं तिकडे दुर्लक्ष केलें. पुढें डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यांत दहावीच्या सहामाहीचे गुण भरण्याचें काम चालू असतां तो असाच मिटला, आणि दोन तासांचें काम गेलें. त्या वेळीं सर्व्हरच्या टेबलाजवळ इयत्ता नववींतील एक विद्यार्थी बसला होता. त्याचा पाय तारेस लागला असावा, किंवा त्यानें खोडीनें बटण दाबलें असावें, असें आमच्या मनानें घेतलें. तो ‘नाहीं सर’ म्हणाला. आम्हीं त्याचें ऐकलें नाहीं, आणि पंधरा दिवस त्यानें संगणक-खोलींत पाऊल टाकूं नये अशी आज्ञा केली. या गोष्टीकडे पुढें पुन्हां वळावयाचें आहे.

सल्ला देणाऱ्यांची उणीव आपल्याकडे कधींच नसते. कोणी म्हणाले, व्हायरस शिरला आहे. कोणी म्हणाले, यंत्र म्हातारें झालें. एका गृहस्थांनीं वऱ्हाडच्या उन्हास दोष दिला, आणि तोही डिसेंबर महिन्यांत! विजेचा संशय एकदोघांनीं घेतला होता. परंतु त्यावर आम्हींच असें उत्तर दिलें कीं, वीज जात असती तर बाकीचे वीस संगणक आधीं बंद पडले असते. त्यांस यू.पी.एस. नाहीं, ते सरळ भिंतींतील विजेवर चालतात. सर्व्हरला मात्र यू.पी.एस. आहे. ज्यांस रक्षण नाहीं ते जिवंत, आणि ज्यास रक्षण आहे तोच पडतो, तेव्हां दोष विजेचा कसा? हा युक्तिवाद आम्हांस बिनतोड वाटला. वाचकांनीं तो ध्यानांत ठेवावा.

आतां मुख्य पाठाकडे वळूं. सर्व्हर आपोआप पुन्हां सुरू झाला, एवढ्यावरून कांहींच निष्पन्न होत नाहीं. तो कोणत्या रीतीनें बंद पडला हें आधीं पाहिलें पाहिजे. एक रीत अशी कीं, कोणीतरी त्यास तशी आज्ञा केली. आज्ञा करणारा मनुष्यच असतो असें नाहीं. प्रणालींतील दुरुस्त्या बसविणारें सॉफ्टवेअरही मध्यरात्रीं अशी आज्ञा करतें. दुसरी रीत अशी कीं, प्रणालीस स्वतःच्याच कारभारांत असा कांहीं घोटाळा आढळला कीं, पुढें जाण्यापेक्षां थांबणें बरें, म्हणून ती जाणूनबुजून थांबली. खराब झालेली मेमरी किंवा सदोष ड्रायव्हर हें त्याचें नेहमींचें कारण. तिसरी रीत म्हणजे अकस्मात् मृत्यु. वीज तुटली, किंवा प्रोसेसर इतका तापला कीं यंत्रानें जीव वांचविण्यासाठीं स्वतःचा पुरवठाच तोडला. विचार करण्यास वेळ मिळालाच नाहीं.

या तीन रीती एकमेकींपासून कशा ओळखाव्या? त्यासाठीं प्रत्येक सर्व्हर आपली रोजनिशी लिहीत असतो. आपल्या सर्व्हरवर विंडोज प्रणाली आहे. तींत ही रोजनिशी ‘इव्हेंट व्ह्यूअर’ या नांवाखालीं उघडतां येते. तेथें प्रत्येक घटनेस क्रमांक असतो. आज्ञेनें बंद झाल्यास १०७४ क्रमांकाची नोंद सांपडते, आणि आज्ञा कोणाची होती हेंही तींत लिहिलेलें असतें. प्रणाली घोटाळ्यामुळें थांबली असेल, म्हणजे ज्यास निळा पडदा म्हणतात तें झालें असेल, तर बहुधा १००१ क्रमांकाची नोंद व तिच्यांत घोटाळ्याचा संकेतांक असतो. अकस्मात् मृत्यूची नोंद मात्र मरणारा कशी करणार? ती तो पुनः उठल्यावर करतो. शाळेच्या वसतिगृहांत बाहेर जातांना व परत येतांना सही करण्याची वही असते ना? सकाळीं गृहपालांस जाण्याची सही दिसली आणि परत येण्याची दिसली नाहीं, तर काय झालें तें त्यांस न सांगतां कळतें. सर्व्हरही सुरू होतांना एक खूण करून ठेवतो आणि रीतसर बंद होतांना ती पुसतो. पुढच्या वेळीं उठल्यावर ती खूण तशीच आढळली कीं तो ६००८ आणि ४१ या क्रमांकांच्या नोंदी करतो: मागचा शेवट अनपेक्षित झाला. लिनक्स प्रणालींतही अशी रोजनिशी असते. ती ‘जर्नलसीटीएल’ या आज्ञेनें वाचतात.

ही रोजनिशी आम्हीं पहिल्या दिवशीं उघडावयास हवी होती. ती उघडली आठ दिवसांनीं. प्रत्येक प्रसंगीं ४१ आणि ६००८. १०७४ कोठेंच नाहीं, १००१ही नाहीं. म्हणजे तिसरी रीत. व्हायरसची आणि आपोआप होणाऱ्या दुरुस्त्यांची गोष्ट तेथेंच मागें पडली. उरली उष्णता किंवा वीज. आणि विजेस तर आम्हीं आधींच निर्दोष ठरविलें होतें. मग सर्व्हरची पेटी उघडली. आंत पंख्याच्या पात्यांवर बोटभर धूळ! ती पाहून आम्हांस इतका आनंद झाला कीं, जणूं चोरच सांपडला. धूळ झाडली, प्रोसेसरवरील उष्णतावाहक लेप बदलला, आणि हात लागलाच आहे तर मेमरीच्या पट्ट्याही काढून, पुसून पुन्हां बसविल्या. त्यानंतर सर्व्हर एकदांही मिटला नाहीं. दहा दिवस गेले. आम्हीं मुख्याध्यापकांस सांगितलें कीं, दोष गेला.

ते दहा दिवस नाताळच्या सुटीचे होते. शाळा उघडली त्या पहिल्याच दिवशीं, प्रार्थनेची घंटा होण्याच्या किंचित् आधीं, तो मिटला.

एकाच वेळीं तीन गोष्टी बदलल्या, आणि ज्या दिवसांत शाळाच बंद होती त्या दिवसांवरून निकाल काढला. प्रयोगशाळेंत तुम्हीं असें केलें असतें तर आम्हीं वहीवर लाल शाईनें रेघ ओढली असती.

तेव्हां आम्हीं नववीच्या वर्गास एक वही आंखून दिली. रकाने असे: तारीख, वेळ, खोलींत कोण होतें, कोणतें काम चालू होतें, खोलीचें तापमान. तीन आठवड्यांत अकरा नोंदी झाल्या. त्यांतील नऊ सकाळीं साडेदहा ते अकरा, किंवा दुपारीं दोन ते अडीच या वेळांतील होत्या. एका नोंदीच्या वेळीं खोलीचें तापमान अवघें १९ अंश होतें; उष्णतेवरचा आमचा विश्वास त्या दिवशीं उडाला. परंतु साडेदहा आणि दोन या वेळांस काय होतें, हें वही सांगेना. ज्याचा संशयच नाहीं, त्यासाठीं वहींत रकाना कोठून असणार?

येथें थोडें विषयांतर करतों, कारण याच सुमारास आम्हीं मुलांस मंगळावरील एका संगणकाची हकीकत सांगितली होती. १९९७ सालीं जुलैच्या ४ तारखेस अमेरिकेचें ‘मार्स पाथफाइंडर’ हें यान मंगळावर उतरलें. कांहीं दिवसांतच त्यावरील संगणक मधूनमधून आपोआप पुन्हां सुरू होऊं लागला, आणि प्रत्येक वेळीं त्या दिवसाचें उरलेलें काम दुसऱ्या दिवसावर जाऊं लागलें. तेथें पेटी उघडून धूळ झाडण्याची सोय नव्हती. पृथ्वीवरून निघालेला संदेश तेथें पोहोंचण्यासच दहा मिनिटें लागत. कॅलिफोर्नियांतील जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेंत त्या संगणकाची जोड होती. तिच्यावर तेंच सॉफ्टवेअर चालवून, प्रत्येक हालचालीची नोंद ठेवून, तेथील अभियंत्यांनीं तोच दोष पृथ्वीवर घडवून आणला, आणि मग त्यांस कारण दिसलें.

तें कारण असें समजून घ्या. कचेरींतील कपाटास एकच किल्ली आहे, आणि ती पांचवींतील एका लहान मुलाच्या हातीं आहे. मुख्याध्यापकांस त्याच कपाटांतून कागद हवा आहे, म्हणून ते किल्लीची वाट पाहत उभे आहेत. मुलगा काम आटोपून किल्ली देणारच आहे. परंतु आठवीचे दांडगे विद्यार्थी आपापल्या कामासाठीं त्यास बाजूस सारून पुढें जातात. त्यांस किल्ली नको, कपाट नको. तरी त्यांच्यामुळें लहान मुलाचें काम होत नाहीं, आणि म्हणून मुख्याध्यापकांचेंही होत नाहीं. इकडे शिपाई पाहतो कीं, घंटेची वेळ झाली तरी मुख्याध्यापकांचें काम झालेलें नाहीं. तेव्हां कांहींतरी मोठा बिघाड झाला असें समजून तो शाळा सोडतो आणि पुन्हां प्रार्थनेपासून सुरू करतो. पाथफाइंडरवर तो लहान मुलगा म्हणजे हवामानाची माहिती गोळा करणारें काम होतें, आणि दांडगे विद्यार्थी म्हणजे संदेश-दळणवळणाचें. उपायही सोपा होता: किल्ली ज्याच्या हातीं असेल, त्यास ती परत करीपर्यंत मुख्याध्यापकांचा मान द्यावा. तेवढा बदल पृथ्वीवरून पाठविला गेला आणि दोष थांबला. आम्हांस यांत विशेष वाटली ती गोष्ट निराळीच. यान उडण्यापूर्वीं पृथ्वीवरील चांचणींतही असा कारण न समजलेला प्रकार दिसला होता. परंतु त्या वेळीं सर्वांचें लक्ष यान सुखरूप उतरविण्याकडे होतें, म्हणून त्याचा पाठपुरावा झाला नाहीं.

मुलांस वाटतें, असलीं कोडीं दूरदेशींच्या लोकांनींच सोडवावीं. परंतु १९९१ सालीं पुण्याच्या सी-डॅक संस्थेंत ‘परम ८०००’ हा महासंगणक ज्यांच्या नेतृत्वाखालीं तयार झाला, ते डॉ. विजय भटकर मूर्तिजापूर तालुक्यांतील मुरंबा या खेड्यांतले. त्यांच्या लहानपणीं तो तालुका आणि आपलें वाशीम एकाच अकोला जिल्ह्यांत होते. आपला जिल्हा निराळा झाला तो १९९८ सालीं. असो.

वहींतील नोंदी आम्हीं फळ्यावर लावल्या, त्या दिवशीं मधल्या सुटींत तो शिक्षा झालेला विद्यार्थी आमच्याकडे आला आणि म्हणाला, “सर, मोटार.” पंधरा दिवस खोलींत येण्याची बंदी असल्यामुळें तो त्या तासास विहिरीजवळच्या ओट्यावर बसत असे. शिपाईमामा पाण्याची मोटार सुरू करीत, आणि तिचा आवाज उठतो न उठतो तोंच संगणक-खोलींतून “गेला!” अशी आरोळी येई. असें त्यानें तीनदां पाहिलें होतें. “मग आधीं कां नाहीं सांगितलेंस?” असें आम्हीं विचारलें. तो कांहीं बोलला नाहीं. उत्तर आमचें आम्हांस ठाऊक होतें.

पाण्याची टाकी भरण्यासाठीं मोटार प्रार्थनेपूर्वीं आणि मधल्या सुटीनंतर चालू होते. अशी मोटार सुरू होतांना क्षणभर आपल्या नेहमींच्या प्रवाहाच्या पांचसहा पट प्रवाह ओढते, आणि तेवढा वेळ तारांतील व्होल्टेज खालीं जातें. ट्यूबलाइट मिचकावते ती याचमुळें. हरभऱ्याच्या व गव्हाच्या पाण्याचे दिवस असल्यामुळें व्होल्टेज एरव्हींच कमी असावें, म्हणून मोटार सुरू होण्याचा प्रत्येक प्रसंग नव्हे, पण पुष्कळसे प्रसंग सर्व्हरच्या जिवावर बेतत असावेत. तरी जुना प्रश्न उरलाच: वीस संगणक कां टिकतात?

शनिवारीं शाळा सुटल्यावर, प्रथम सर्व माहितीची प्रत निराळ्या तबकडीवर घेऊन, आम्ही वायरमनसह प्रयोगास बसलों. (विजेशीं असले प्रयोग विद्यार्थ्यांनीं एकट्यानें मुळींच करूं नयेत.) सर्व्हर नेहमींप्रमाणें यू.पी.एस.वर ठेवून मोटार चार वेळां सुरू केली. तीन वेळां सर्व्हर मिटला. मग यू.पी.एस. काढून सर्व्हर सरळ भिंतींतील विजेवर लावला आणि मोटार पुन्हां चार वेळां सुरू केली. एकदांही मिटला नाहीं! पुन्हां यू.पी.एस.वर लावला, आणि पहिल्याच वेळीं मिटला. मीटरवर व्होल्टेज २२४ वरून १७० च्या खालीं जातांना दिसलें. मीटर मंद असतो, तेव्हां खरी घट याहूनही अधिक असेल. शेवटीं सर्व्हरच्या जागीं यू.पी.एस.ला १०० वॅटचा जुना बल्ब लावला आणि यू.पी.एस.चा प्लग भिंतींतून काढला. जो अर्धा तास जळावयाचा, तो बल्ब एकदां डोळा मिटून विझला.

कोडें तेथें सुटलें. संगणकाचा पॉवर सप्लाय पुष्कळदां १०० पासून २४० व्होल्टपर्यंत चालेल असा बनविलेला असतो, आणि वीज अगदींच तुटली तरी सुमारें १६ मिलिसेकंद, म्हणजे आपल्या विजेच्या एका आवर्तनाहून थोडा कमी वेळ, तो सांठविलेल्या शक्तीवर तग धरतो. म्हणून वीस संगणक त्या घटीतून सहज पार पडत. यू.पी.एस. मात्र व्होल्टेज ठराविक मर्यादेखालीं गेलें कीं बाहेरची वीज सोडून आपल्या बॅटरीवर येतो. बॅटरी मेलेली. भार येतांच ती कोसळे, सर्व्हरची वीज पुरती तुटे. पुढच्याच क्षणीं व्होल्टेज सावरे, यू.पी.एस. भिंतींतील विजेवर परत जाई, आणि वीज येतांच आपोआप सुरू व्हावें अशी योजना सर्व्हरमध्यें केलेली असल्यामुळें तो उठून उभा राही. ज्याला राखणदार नेमला होता, त्यानेंच घात केला; आणि राखणदार नसलेले वीसजण सुरक्षित राहिले.

मग यू.पी.एस.वरील हिरवा दिवा? तो बॅटरीवर भार नसतांनाचें व्होल्टेज पाहून लागतो. आजारी मनुष्य खाटेवर बसून बरा दिसतो. जिना चढावयास सांगा म्हणजे खरें कळतें. बॅटरीच्या अंगावरील तारीख पाहिली, तर ती पांच वर्षांहून जुनी निघाली. शिश्याच्या बॅटरीचें आयुष्य २५ अंशांवरील दर दहा अंशांस सुमारें निम्मे होतें, आणि उन्हाळ्याच्या सुटींत आपली ती खोली बंद असते. म्हणजे उन्हास दोष देणारे ते गृहस्थ अगदींच चुकले नव्हते. फक्त ऊन मे महिन्याचें होतें आणि परिणाम डिसेंबरांत दिसला.

पालकांच्या मनांत येईल कीं, लोडशेडिंगच्या वेळीं हें कसें लक्षांत आलें नाहीं? वीज जाई, सगळी इमारत अंधारी होई, सर्व्हरही बंद पडे. आणि वीज गेली म्हणून तो गेला, असें आम्ही सारे समजत असूं. वीज गेल्यावर चालू राहण्यासाठींच तर यू.पी.एस. आणला होता, हें एकाच्याही ध्यानांत आलें नाहीं. ते प्रसंग आम्हीं दोषांत मोजलेच नाहींत, म्हणून वहींतही लिहिले नाहींत. घरीं इन्व्हर्टर असणाऱ्यांनीं वर्षांतून एकदोनदां, वीज असतांनाच, मुख्य बटण बंद करून तो किती वेळ टिकतो तें पाहावें.

आतां त्या विद्यार्थ्याविषयीं. ४१ क्रमांकाच्या नोंदीच्या तपशिलांत बटणाची एक ओळ असते. बटण दाबून धरून यंत्र बंद केलें असेल तर तेथें वेळेचा आंकडा येतो. नसेल तर शून्य. गुण गेले त्या दिवशींच्या नोंदींत शून्य होतें. शिवाय बटण दाबून धरून बंद केलेलें यंत्र कोणी पुन्हां बटण दाबल्यावांचून उठत नाहीं, आणि हें तर आपोआप उठलें होतें. म्हणजे त्याच्या निर्दोषपणाचा पुरावा त्याला शिक्षा देण्याच्या क्षणींच सर्व्हरमध्यें लिहिलेला होता. त्या ओळीचा अर्थ आम्हांस जानेवारींत कळला, आणि तोंवर त्याचे पंधरा दिवस भरून गेले होते. आम्हीं नववीच्या वर्गापुढें त्याची क्षमा मागितली. त्याच्या वडिलांसही भेटून सांगितलें, कारण शिक्षेची बातमी घरीं पोहोंचली होती. क्षमेची पोहोंचेलच असा भरंवसा नव्हता.

जानेवारीच्या अखेरीस नवी बॅटरी बसविली. तेव्हांपासून हें लिहीपर्यंत सर्व्हर एकदांच पुन्हां सुरू झाला. रोजनिशींत १०७४ होतें, आज्ञा दुरुस्त्या बसविणाऱ्या सॉफ्टवेअरची होती. बॅटरीवर तारखेची चिठ्ठी चिकटविली आहे. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारीं बल्ब लावून यू.पी.एस. किती मिनिटें टिकतो तें पाहिलें जातें, आणि वहींत लिहिलें जातें. वही आतां त्याच विद्यार्थ्याकडे आहे. त्यानें तींत ‘मोटार’ आणि ‘वीज गेली’ असे दोन रकाने वाढविले आहेत.

या परीक्षेसाठीं जुन्या तारेचा, पिवळ्या उजेडाचा बल्बच लागतो, नवा एल.ई.डी. बल्ब नऊ-दहा वॅटच खातो, त्याचा बॅटरीस भारच वाटत नाहीं. आमच्याकडील बल्ब एकच असून तोही आतां डळमळूं लागला आहे. कोणा पालकांच्या घरीं माळ्यावर असा १०० वॅटचा बल्ब पडून असल्यास त्यांनीं तो मुलाबरोबर, कापडांत गुंडाळून, शाळेंत पाठवावा.